अति कोण म्हणालं?

‘अति’ हा शब्द तुमच्याआमच्या घरात दिवसातून दहादा वापरला जातो. पोर फार बोललं की अति शहाणं, पाहुणे फार दिवस राहिले की अतिच झालं, कुणाची फजिती झाली की अति तिथे माती. वापरून वापरून शब्द बिचारा गुळगुळीत झालाय. पण अवजड यंत्रं इकडून तिकडे हलवणाऱ्या त्या पाच जणांच्या टोळीत तो असा कुणी उधळत नसे. चहात साखर जास्त पडली तर ते ‘गोडमिट्ट’ म्हणत. ऊन ‘मरणाचं’ असे. पैलवानानं तिघांचे डबे एकट्यानं संपवले तरी त्याला खादाड म्हणत, राक्षस म्हणत, पण अति खातोस असं म्हणत नसत. तो शब्द एकाच कामासाठी राखून ठेवलेला होता.

वजन हवेत असताना काही हाताबाहेर चाललंय असं टोळीतल्या कुणालाही वाटलं, पट्टा सरकतोय, साखळी कुरकुरतेय, तोल एका अंगाला चाललाय, तर त्यानं पोटातून एकदाच ओरडायचं, “अति!” मग सगळ्यांचे हात असतील तिथे थांबायचे, वजन हळूहळू खाली घ्यायचं आणि लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचं. शब्द चेष्टेत वापरायचा नाही, अर्धवट पुटपुटायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, कोण म्हणालं हे विचारायचं नाही. का म्हणालास, हेही नाही.

हे नियम थोरल्या मुकादमांचे. त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन तरुणपणी एका यंत्राखाली राहिली. त्या दिवशी मागे उभ्या असलेल्या गड्याला पट्टा सरकताना दिसला होता, पण आपलंच चुकत असेल, उगाच हसं होईल, म्हणून तो गप्प बसला. हाताला पट्टी बांधून परत आल्यावर थोरल्यांनी त्याला एक शिवी दिली नाही. “तू बोलला नाहीस, कारण बोललास तर मी तुला ‘का’ म्हणून विचारलं असतं,” एवढंच ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून नियम लागू झाला, आणि त्यानंतर त्या टोळीत कुणाचं नखसुद्धा गेलं नाही.

थोरले जाऊन तीन वर्षं झाली. जाताना त्यांनी टोळी दिली ती जावयाला. पोटचा मुलगा टोळीतच होता, तरी जावयाला. “नजर याची आहे,” असं ते चारचौघांत म्हणाले होते. आता बोला! एवढं बोलून म्हातारा मोकळा झाला, पण जावई आणि मुलगा दोघांनाही त्याच टोळीत रोज समोरासमोर उभं राहायचं होतं.

कामाची मांडणी अशी असायची. पुढे मुकादम, म्हणजे तो जावई. तो हातानं खुणा करी. हात वर म्हणजे उचला, तळवा खाली म्हणजे सोडा, मूठ म्हणजे थांबा. वजनाच्या वर उभ्या केलेल्या लोखंडी घोडीला दोन चेन-पुल्या टांगलेल्या. मुकादमाच्या डाव्या हाताची साखळी पैलवानाकडे, उजवीकडची मेव्हण्याकडे, म्हणजे थोरल्यांच्या मुलाकडे. साखळीवाल्यांनी वजनाकडे बघायचं नाही, मुकादमाच्या हाताकडे बघायचं, कारण दोघं आपापल्या अंदाजानं ओढायला लागले तर वजनाचा झोपाळा व्हायला वेळ लागत नाही. मागे पहार घेऊन मौनीबाबा. त्याचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा हो म्हणायला त्यानं मान हलवली होती, तोंड उघडलं नव्हतं. आणि वजनाखाली उकिडवा बसून ठोकळे सरकवणारा ठोकळ्या, अंगानं काडी, पण हात सुतारपक्ष्याच्या चोचीसारखे. प्रत्येक काम संपलं की तो दोन्ही पंजे वर करून बोटं नाचवी आणि ओरडे, “दहा!” मग सगळे हसत आणि चहा मागवत. ही दहा बोटं संध्याकाळी दहाच राहावीत, एवढ्यासाठी तर तो शब्द होता.

मेव्हणा हा मुकादमाचा मेव्हणा, पण टोळीत सगळेच त्याला मेव्हणे म्हणत. “बहीण एकाला दिली आणि मेव्हणा चौघांचा झालो,” असं तो करवादायचा. वर मुकादमाला “भाऊजी, भाऊजी” करायचा, हाताखाली मुकाट काम करायचा. आणि हेच मुकादमाला खटकायचं. ज्याच्या तोंडचा घास दुसऱ्याला मिळाला तो इतका गोड कसा वागतो?

तर, पहिलं ‘अति’ पडलं दवाखान्यात, एक्स-रेचं यंत्र उचलताना. वजन जेमतेम वीतभर उचललं होतं. मुकादमानं मूठ आवळली, वजन खाली घेतलं, पट्टे तपासले, हूक तपासला, साखळीची कडी न् कडी बघितली. काही नाही. असो, म्हणाला. नियम म्हणजे नियम.

दुसरं सुताराच्या कारखान्यात. पुन्हा तेच. वजन टेकवलं तर सगळं सरळ, शिस्तीत, जणू काही झालंच नव्हतं. तिसरं बेकरीत, पीठ मळायच्या यंत्रापाशी. मालक बाजूला उभा होता. “काय मुकादम, भीती वाटते का हल्ली?” असं म्हणून तो दात काढून हसला. मुकादमाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चौथं पाण्याच्या टाकीखाली, पंप काढताना. दोन महिन्यांत चार वेळा! थोरल्यांच्या वेळी वर्षाकाठी एखादं ‘अति’ पडायचं, आणि पडलं की काहीतरी सापडायचंच, तुटलेला धागा, उसवलेली शिवण, काहीतरी. इथे चारही वेळा हात हलवत परत.

आता यात काहीतरी पाणी मुरतंय, असं मुकादमाच्या मनानं घेतलं. आणि एकदा मनानं घेतलं की माणसाला सगळीकडे ओलच दिसायला लागते.

आवाज कुणाचा, ते कळत नव्हतं. मोठ्या खोल्यांत आवाज घुमतो, आणि पोटातून ओरडल्यावर सगळ्यांचा आवाज सारखाच. पण फायदा कुणाचा, ते कळायला काही ज्योतिषी लागत नाही. मुकादमाला जमत नाही, मुकादम घाबरतो, मुकादम म्हातारा झाला, अशी बोंब एकदा झाली की लोक कुणाकडे बघणार? थोरल्यांच्या रक्ताकडे. मेव्हण्यानं तोंडानं एक शब्द मागायची गरज नाही. एकच शब्द ओरडायचा, तोही असा की कोण म्हणालं हे विचारायचीच सोय नाही! केवढं डोकं!

मग मुकादम बघत राहिला. डबा खाताना मेव्हणा ठोकळ्याशेजारीच का बसतो? पैलवान आपल्याशी बोलताना नजर का चुकवतो? मौनीबाबा गप्प असतो हे खरं, पण आजकाल जरा जास्तच गप्प आहे की काय? आता जो माणूस मुळातच बोलत नाही, तो जास्त गप्प कसा होणार, हे देवच जाणे. पण संशयानं पछाडलेल्या माणसाला हिशेब कोण शिकवणार?

घरीही तेच. दारातून आत शिरताना त्याचा डावा खांदा चौकटीवर आपटला. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

“हे दार कुणी हलवलंय का?” त्यानं बायकोला विचारलं.

“दार?” बायको हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघत राहिली. “दार कोण हलवणार, अहो?”

एवढं बघण्यासारखं काय होतं त्यात? चष्म्याच्या काचा खराब झाल्यात, धूळ बसते, म्हणून त्यानं त्या सदऱ्याच्या टोकानं खसाखसा पुसल्या. आणखी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. बायको चहाचा कप हल्ली नेहमी उजव्या हाताला ठेवत होती. वीस वर्षं कप डावीकडे यायचा, कारण उजव्या हातात वर्तमानपत्र असायचं. मध्यंतरी एकदोनदा त्याच्याकडून कप सांडला होता, कोपर लागलं असेल. पण म्हणून न सांगता, न बोलता जागाच बदलायची? घरातल्या घरात गुपचूप बदल करणारी बाई आणखी काय काय गुपचूप करत असेल?

एका सकाळी मेव्हणा मागच्या दारानं येऊन गेला. मुकादम मोरीत तोंड धूत होता. बहीणभावांची कुजबुज त्याला ऐकू आली, पण शब्द कळले नाहीत. बाहेर येऊन बघतो तर मेव्हणा पसार, आणि बायको घाईघाईनं काहीतरी डब्याखाली सारतेय. ती पाणी भरायला गेल्यावर त्यानं डबा उचलला. चिठ्ठी होती, मेव्हण्याच्या अक्षरातली. ‘मंगळवार, साडेदहा, दुसरा मजला. भाऊजींना आधी सांगू नकोस, ते येणार नाहीत.’

मुकादमाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मंगळवारी कुठल्यातरी दुसऱ्या मजल्यावर बैठक आहे. टोळी फोडायची बैठक. आणि आपली सख्खी बायको त्यात सामील! त्यानं चिठ्ठी होती तशी ठेवली आणि चहाला येऊन बसला. कप उजवीकडे होता. त्यानं तो उचलून मुद्दाम डावीकडे ठेवला.

“तुझा भाऊ का आला होता?”

“सहज.”

“सहज मागच्या दारानं येतात होय? टोळीत काय चाललंय ते तुला ठाऊक आहे. चार वेळा माझं तोंड काळं केलंय त्यानं. थोरल्यांची गादी हवी असेल तर समोर येऊन माग म्हणावं. मागून वार करायचे, वर बहिणीला हाताशी धरायचं! आणि तू? वीस वर्षं माझ्या घरात राहून भावाची हेर?”

बोलता बोलता त्यानं कपासाठी हात टाकला, आणि कप सरळ जमिनीवर. बायकोच्या पायाशी चहा, कपाचे तुकडे. तरी त्याचं तोंड थांबेना. “बघ, बघ, तुझ्यामुळे!”

“अति!” बायको म्हणाली.

मुकादमाचा हात हवेत होता तिथेच थांबला. घरात हा शब्द कुणी उच्चारत नसे, तिच्या माहेरीही नाही. ती लहान असताना एकदा जेवताना ‘भाजी अति तिखट आहे’ म्हणाली होती, तर थोरल्या मुकादमांचा घास तोंडापाशी गोठला होता, आणि मग तिला धपाटा बसला होता. ती पोरगी आज, इतक्या वर्षांनी, पोटातून ओरडली होती.

“का?” मुकादमानं विचारलं.

“बाबा विचारत नसत,” ती म्हणाली आणि काचा गोळा करायला खाली बसली. तिचे डोळे भरले होते. पण मुकादमाला त्यात फक्त एवढंच दिसलं की हिलाही आता तो शब्द शिकवून ठेवलाय.

त्याच दिवशी त्यानं टोळीला गोळा केलं आणि एक कोरी वही पुढे टाकली. “आजपासून जो अति म्हणेल त्यानं हात वर करायचा. नाव सांगायचं. का म्हणाला ते या वहीत लिहायचं. कारण खोटं निघालं तर पुन्हा कामावर यायचं नाही.”

ठोकळ्यानं चारदा घसा खाकरला. “मुकादम, थोरल्यांचा नियम...”

“थोरले गेले.”

“मला लिहिता येत नाही,” पैलवान म्हणाला, “मी अंगठा उठवीन.” एरवी यावर टोळी खदाखदा हसली असती. त्या दिवशी पैलवानच एकटा हसला, आणि मग तोही ओशाळला. मुकादम मेव्हण्याकडे बघत होता. मेव्हण्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग बहिणीचा नवरा आहे, काय बोलणार, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेलं आणि त्यानं मान खाली घातली. खाई त्याला खवखवे, असं मुकादम मनात म्हणाला.

त्यानंतर दोन कामं झाली. एकदाही ‘अति’ पडलं नाही. चोर सापडला नव्हता, पण चोरी थांबली होती. मुकादमाची छाती चार बोटं फुगली. दुसऱ्या कामाच्या शेवटी ठोकळ्या “दहा” म्हणायला विसरला, ते मात्र त्याला जाणवलं नाही. आणि मंगळवारी साडेदहाची ती बैठक? तिच्यावर त्यानं असा काही उपाय काढला की स्वतःवरच खूश झाला. पुस्तकं बांधणाऱ्या एका कारखान्यातलं कागद कापायचं यंत्र हलवायचं होतं, दोन टनांचं धूड. ते काम गुरुवारचं होतं. त्यानं ते मंगळवारी सकाळी दहावर आणलं. आता जा म्हणावं दुसऱ्या मजल्यावर!

मेव्हण्यानं ऐकलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. “भाऊजी, मंगळवारी नको. मंगळवारी मला जरा...”

“जरा काय?”

“काही नाही,” मेव्हणा म्हणाला.

मंगळवार उजाडला. कारखान्याची ती लांबलचक खोली होती, एका बाजूला पुस्तकांचे न बांधलेले गठ्ठे, सगळीकडे डिंकाचा वास आणि पायाखाली कागदाच्या कातरणाचा थर. मालकानं कामगारांना भिंतीशी उभं केलं होतं. यंत्र मधोमध, काळं, बसकं, एखाद्या म्हशीसारखं पाय रोवून. त्याला उचलायचं गुडघाभर, खाली ठोकळ्यांची रास रचायची, आणि मग चाकांचा गाडा सारायचा. रोजचंच काम.

मुकादमानं पट्टे स्वतः घातले. जागेवर जाऊन उभा राहिला आणि चौघांकडे नजर फिरवली. आज एखाद्यानं तोंड उघडावंच, असं त्याला आतून वाटत होतं. म्हणजे एकदाचं नाव कळलं असतं. वही त्याच्या खिशात होती.

हात वर झाला. साखळ्या खळखळल्या. यंत्राचे पाय जमिनीवरून सुटले, बोटभर, चार बोटं, वीतभर. ठोकळ्यानं पहिला थर सरकवला. दुसरा सरकवला. हात वर. आणखी वर. उजव्या बाजूला यंत्राची कड एका रेषेत चढत होती, अगदी सुरेख. तिसऱ्या थरासाठी ठोकळ्या पार आत वाकला. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत यंत्राखाली गेले.

आणि मुकादमाला काहीतरी विचित्र वाटलं. आवाज नव्हता. म्हणजे साखळ्यांचा होता, पण माणसांचा नव्हता. कुणी शिंकेना, कुणी हुं म्हणेना. त्यानं मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हण्यानं मुकादमाच्या हाताकडे बघायला हवं होतं, तो बघत नव्हता. तो यंत्राच्या पलीकडे, मुकादमाच्या डाव्या अंगाला कुठेतरी बघत होता. त्याचे ओठ उघडले आणि मिटले. मागे मौनीबाबाही तिकडेच बघत होता, पहार मुठीत इतकी घट्ट धरून की बोटं पांढरी पडलेली. मालकाचे कामगारसुद्धा तिकडेच बघत होते.

सगळी खोली एका जागेकडे बघत होती, आणि मुकादमाला त्या जागी काहीच दिसत नव्हतं. अंधार नाही, धूसर नाही. काहीच नाही. पैलवान तिथे असायला हवा होता. पैलवानासारखा पैलवान, दोन दरवाजे अडवणारा माणूस, तो तिथे नव्हता.

क्षणभरच असेल, पण त्या क्षणात त्याला सगळं लख्ख कळलं. चौकट कुणी हलवली नव्हती. चष्म्याच्या काचा स्वच्छ होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि हे आपल्याला आजच कळलं असंही नाही. आपण काचा पुसत राहिलो, कारण काचा पुसणं सोपं होतं.

ओरडायला हवं होतं. पण ओरडून सांगायचं काय? डावीकडे काय बिघडलंय, पट्टा की साखळी की कड, ते त्याला सांगता येणार नव्हतं. खिशात वही होती. नाव, कारण. कारण खोटं निघालं तर घरी. मालक हसला असता, कामगार हसले असते, मेव्हण्याच्या पोरांनी पुढे वर्षानुवर्षं हा किस्सा सांगितला असता. चार माणसं तोंडाला कुलूप लावून का उभी आहेत, ते तेव्हा त्याला कळलं. कुलूप त्याचंच होतं. किल्लीही त्याच्याच खिशात होती. आणि ठोकळ्याचे हात अजून खाली होते.

“अति!”

ठोकळ्यानं बघितलं नाही, विचारलं नाही, बेडकासारखी मागे उडी मारली. पैलवानाच्या बाजूचा पट्टा कडेवरून सुटला, आणि यंत्राचा तो कोपरा धाडकन ठोकळ्यांवर आदळला. वरचा ठोकळा मधोमध फुटला. त्याचा एक तुकडा घरंगळत मुकादमाच्या पायाशी आला. कागदाची कातरणं वर उडाली आणि हळूहळू खाली बसली.

मग यंत्राच्या मागून, जमिनीवरून, चिरका आवाज आला.

“दहा.”

पैलवान मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. मालक भिंतीपासून पुढे आला. “कोण ओरडलं? कुणाच्या लक्षात आलं?” त्यानं विचारलं.

मेव्हण्यानं साखळी बांधून टाकली होती. तो मुकादमाकडे न बघता म्हणाला, “आमच्यात विचारत नाहीत, शेट.”

एवढ्यावर भागलं असतं. मुकादमाला नुसतं गप्प राहायचं होतं, सगळ्यांनी त्याला पदराखाली घेतलं असतं. पण त्यानं हात वर केला, नियमाप्रमाणे. “मी म्हणालो. कारणही लिहितो.” त्यानं खिशातून वही काढली, पेन्सिल काढली, आणि पहिल्या कोऱ्या पानावर लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, “मला डावीकडचं दिसत नाही.”

मौनीबाबाचा आवाज टोळीनं नक्की कधी ऐकला होता, ते कुणालाच आठवत नव्हतं. तो म्हणाला, “बेकरीत मी म्हणालो होतो. डावी कड खाली राहिली होती, मुकादम. टेकवल्यावर सरळ झाली.”

“दवाखान्यातलं माझं,” ठोकळ्या पाठ चोळत म्हणाला. “मला वाटलं एकट्या मलाच तसं वाटतंय.”

“सुताराकडचं माझं,” पैलवान नाक ओढत म्हणाला.

चौथं कुणाचं, ते सांगायची गरज नव्हती. तरी मेव्हण्यानं सांगितलं. “टाकीखाली मी. आणि घरी येऊन ताईला सांगितलं, ते एक वेगळं.” त्यानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. “पावणेअकरा. डोळ्यांचे डॉक्टर एकपर्यंत बसतात. दुसऱ्या मजल्यावर. ताई तिथे जाऊन नंबर लावून बसली असेल, तिनं सकाळीच सांगितलं होतं की तुम्ही नाही आलात तरी ती जाऊन बसणार.”

मुकादम एक चोर शोधत होता, आणि चारही जण निघाले होते. त्याला एकदम लाज वाटली, इतकी की त्यानं वहीचं पान फाडलं, मग ते फाडूनही काय करायचं ते न कळल्यामुळे परत वहीतच ठेवलं. “मी तुम्हाला घरी पाठवणार होतो,” तो म्हणाला. “खरंच पाठवलं असतं.”

“माहीत होतं,” ठोकळ्या म्हणाला. “म्हणून तर गप्प होतो. चुकलंच आमचं.”

“तुमचं नाही,” मुकादम म्हणाला.

यंत्र अर्धवट टाकून जाता येत नव्हतं, तिरकं बसलेलं वजन तसं सोडायचं नसतं. नवा पट्टा घातला. फुटलेला ठोकळा बाजूला काढला. मग सगळे मुकादमाकडे बघत उभे राहिले, आणि मुकादम त्याच्या रोजच्या जागेवरून निघाला, उजवीकडे गेला आणि मेव्हण्याच्या हातातून त्यानं साखळी घेतली.

“पुढे तू हो,” तो म्हणाला.

“भाऊजी...”

“जा म्हणतो ना. डॉक्टर एकपर्यंतच बसतात.”

मेव्हणा पुढे गेला. तीन वर्षांनी मुकादमाला दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघायचं होतं. साखळी धरून त्यानं मान वर केली. समोर यंत्र होतं, घोडी होती, फाटकी कातरणं होती, पण हात नव्हता. मेव्हणा ठरल्या जागी, मधोमध उभा होता, म्हणजे आता मुकादमाच्या डावीकडे.

मेव्हण्यानं कुणाला काही विचारलं नाही. तो नुसता तिथून निघाला, चार पावलं चालत आला आणि मुकादमाच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला. मग त्यानं हात वर केला.

मुकादमाला उजवीकडे ठेवलेला चहाचा कप आठवला.

“दिसतोय,” न विचारताच तो म्हणाला, आणि साखळी ओढायला लागला.